कोरबान : जवळ आणणे आणि जवळ न येऊ देणे

हिब्रू बायबलमधील 'लेवीय' या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात, कोणते जनावर निवडावे आणि त्याचे पुढे काय करावे याचे तपशील सुरू होण्याआधी, देवापुढे न्यावयाच्या वस्तूसाठी जो शब्द योजिला आहे तो 'कोरबान' होय. सेमिटिक भाषांमध्ये बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून बनतात. 'कोरबान' हा क-र-ब या धातूपासून आलेला असून त्या धातूचा अर्थ 'जवळ येणे' असा आहे. त्याच्या प्रयोजक रूपाचा, म्हणजे 'हिक्रीव्ह' या क्रियापदाचा, अर्थ 'जवळ आणणे' आणि नामाचा अर्थ 'जवळ आणलेली वस्तू' असा होतो. हिब्रू बायबलमध्ये हे नाम सुमारे ८० वेळा येते आणि यहेज्केल व नहेम्या या ग्रंथांतील मोजके उल्लेख सोडले, तर ते सर्वस्वी लेवीय आणि गणना या दोन ग्रंथांपुरतेच आहे. मराठी वाचकाला हा शब्द वाटतो तितका परका नाही. त्याचे अरबी भावंड 'कुर्बान' हे फारसी-उर्दूच्या वाटेने 'कुर्बानी' होऊन मराठीत कधीच रुळले आहे, आणि मालेगावात बकरी ईदला जी कुर्बानी होते तिच्या नावातही हाच धातू आहे. मात्र मराठीत 'कुर्बानी' म्हटले की सुरी आठवते किंवा देशासाठी दिलेला प्राण आठवतो. जवळ येण्याचा काही संबंध त्या शब्दात उरलेला आहे असे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

मूळ ग्रंथांत हा शब्द कोणकोणत्या वस्तूंना लावला आहे ते पाहिले, की प्राणिहत्येशी त्याचा संबंध किती सैल आहे हे कळून येते. गोऱ्हा, मेंढा, बोकड, पारवा हे कोरबान आहेतच. पण लेवीयाच्या दुसऱ्या अध्यायात तेल आणि ऊद घातलेले सपीठही कोरबानच आहे. गणना ग्रंथाच्या सातव्या अध्यायात इस्राएलच्या बारा वंशांचे सरदार सहा झाकलेल्या गाड्या आणि बारा बैल आणून देतात, आणि या बैलांना कोणी मारत नाही; उपासनामंडपाचे सामान वाहून नेण्यासाठी गाड्या-बैल लेवी वंशातील सेवकांना वाटून दिले जातात, तरीही ग्रंथाच्या भाषेत तो कोरबानच ठरतो. त्यानंतर प्रत्येक सरदाराच्या नावावर १३० शेकेल वजनाचे चांदीचे ताट, ७० शेकेलचा चांदीचा कटोरा, धूपाने भरलेले १० शेकेलचे सोन्याचे पात्र आणि ठरावीक जनावरे अशी यादी येते, आणि ती अक्षरशः बारा वेळा जशीच्या तशी लिहिली आहे. वाचकाला कंटाळा आणणाऱ्या या पुनरुक्तीत देवस्थानाच्या जमाखर्चाचा सूर आहे. नाशिकजवळच्या पांडवलेण्यातील दहाव्या लेण्यात उषवदात या प्राचीन दात्याने आपण दिलेल्या तीन लाख गाईंची आणि सोळा गावांची जी नोंद कोरून ठेवली आहे, ती वाचलेल्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. पुढे नहेम्याच्या काळात वेदीसाठी पुरवावयाच्या सरपणालाही हाच शब्द लावला गेला. प्राणी कापण्याच्या क्रियेसाठी हिब्रूत 'झावाख' हा स्वतंत्र धातू आहे. त्याच्यापासून 'झेवाख' म्हणजे कापलेल्या जनावराचे अर्पण आणि 'मिझ्बेआख' म्हणजे वेदी हे शब्द बनले. संपूर्ण जाळून टाकावयाच्या अर्पणाचे 'ओला' हे नाव 'वर चढणारे' अशा अर्थाचे आहे. तेव्हा 'कोरबान' हे या सर्व प्रकारांवरचे छत्र आहे, आणि त्या छत्राखाली पीठ, लाकूड व बैलगाडी यांनाही रक्तमांसाच्या बरोबरीने जागा आहे.

विधीचा क्रम पाहिला तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. अर्पण करणारा सामान्य गृहस्थ जनावर मंडपाच्या दाराशी आणतो, त्याच्या डोक्यावर हात ठेवतो आणि स्वतःच त्याला कापतो. पुरोहिताचे काम त्यानंतर, रक्त गोळा करून वेदीपाशी नेण्यापासून सुरू होते. रक्त नेण्याच्या या क्रियेलाही लेवीयाच्या पहिल्या अध्यायात 'जवळ आणणे' हेच क्रियापद आहे. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या यहुदी विधिसंहितेने तर स्पष्टच ठरवून टाकले, की पुरोहित नसलेल्याने, स्त्रीने किंवा दासाने जनावर कापले तरी विधी वैध आहे. मारण्याला अधिकार लागत नव्हता. तो लागत होता मारल्यानंतर आत नेण्याला. बळी म्हटला की सारे रहस्य सुरीच्या पात्यावर शोधणाऱ्या आधुनिक विवेचकांनी हा तपशील अनेकदा घाईघाईने ओलांडला आहे.

मराठी पवित्र शास्त्राच्या अनुवादकांपुढे या छत्रशब्दाची अडचण होतीच. 'अर्पण' या शब्दाने देण्याची क्रिया येते आणि 'बळी' या शब्दाने मरण येते, पण आणण्याची हालचाल दोन्हींत येत नाही. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीकमधून मराठीत केलेल्या बायबलमागे, तत्त्वज्ञानाचे ओझे वाहणारे संस्कृत शब्द टाळून साध्या बायकांना कळेल अशी भाषा वापरण्याचा कटाक्ष होता. परंतु यज्ञकर्माच्या बाबतीत साधी मराठीसुद्धा आधीच देवळातून आणि यज्ञशाळेतून आलेली आहे, त्यामुळे तेथे निर्लेप शब्द मिळणे कठीणच होते. हिब्रू शब्दाच्या घडणीला खरोखर समांतर असलेला भारतीय शब्द 'उपहार' हा आहे. 'उप' म्हणजे जवळ आणि 'हृ' म्हणजे नेणे. संस्कृतात देवतेपुढे नेलेल्या वस्तूला, प्रसंगी बळीच्या प्राण्यालाही, उपहार म्हटले जाई. आजच्या मराठीत तो भेटवस्तूपुरता आक्रसला आहे आणि उपाहारगृहातील 'उपाहारा'शी त्याची गल्लत होण्यापलीकडे त्याची फारशी आठवण कोणी काढत नाही.

या व्युत्पत्तीवर एक गोड सिद्धान्त उभा राहिला आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रँकफुर्टचे रब्बी सॅम्सन राफाएल हिर्श यांनी आग्रहाने मांडले, की जर्मन भाषेतील बलिदानवाचक शब्द कोरबानसाठी वापरू नये, कारण त्यात काहीतरी गमावण्याची, नष्ट करण्याची छटा आहे; कोरबान म्हणजे भक्ताचे देवाच्या जवळ जाणे. हे विवेचन उदात्त आहे आणि आज यहुदी प्रवचनांत ते सर्रास आढळते. मराठी मनालाही ते लगेच पटते, कारण 'उपासना' म्हणजे जवळ बसणे आणि 'उपनयन' म्हणजे जवळ नेणे हे त्याला लहानपणापासून सांगितलेले असते. तरीही येथे सावध राहणे भाग आहे. जेम्स बार या अभ्यासकाने १९६१ साली बायबलच्या शब्दार्थशास्त्रावरील ग्रंथात दाखवून दिले, की धातूचा अर्थ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे आणि शब्दाचा अर्थ त्याच्या वापरातच शोधावा लागतो. गणना ग्रंथातील बैलगाड्या हाकत आणणाऱ्या सरदारांच्या मनात ईश्वरसान्निध्याची तळमळ होती असे ग्रंथकार कोठेही म्हणत नाही. कोरबानमध्ये जवळ जाते ती वस्तू. माणूस बहुतेक वेळा दारातच थांबतो.

हाच धातू त्याच ग्रंथांत आणखी कोठे येतो ते पाहिले म्हणजे या जवळिकीचा दुसरा, पुष्कळ कठोर चेहरा दिसतो. गणना ग्रंथात एक आज्ञा चार वेळा येते, की जो परका जवळ येईल त्याला मृत्युदंड व्हावा; आणि येथे 'परका' म्हणजे परदेशी असेच नव्हे, तर त्या कामाचा अधिकार नसलेला कोणीही, मग तो इस्राएली का असेना. जेकब मिल्ग्रोम या अभ्यासकाने १९७० मध्ये लेवीय परिभाषेवरील पुस्तकात दाखविले आहे, की अशा ठिकाणी 'जवळ येणे' या धातूचा अर्थ 'हद्द ओलांडून शिरणे' असा घ्यावा लागतो. अहरोन या पहिल्या महापुरोहिताचे नादाब आणि अबीहू हे दोन पुत्र न सांगितलेला अग्नी 'जवळ आणतात' आणि जागच्या जागी भस्म होतात. वर्षातून एकदा, योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी, महापुरोहिताने परमपवित्रस्थानात कसे जावे याचे नियम देणारा लेवीयाचा सोळावा अध्याय याच मृत्यूच्या आठवणीने सुरू होतो, आणि तेथेही त्यांच्या अपराधाचे वर्णन 'ते जवळ गेले' एवढ्याच शब्दांनी केले आहे. त्या स्थानापुढील पडद्याला मराठी पवित्र शास्त्रात अंतरपट म्हटले आहे. मराठी विवाहात अंतरपट काही क्षणांनी दूर होतो; जेरुसलेमच्या मंदिरातील अंतरपट मात्र दूर होण्यासाठी नव्हता.

तेव्हा कोरबान हे ज्याला जाता येत नाही त्याने पाठविलेले काहीतरी आहे. जेथे माणसाचे जवळ जाणे प्राणावर बेतणारे आहे तेथे त्याच्या मालकीचे, त्याने हात ठेवलेले एक जनावर किंवा मूठभर पीठ अधिकारी माणसाच्या हातून पुढे सरकते. हद्द नसती तर कोरबानची गरजच उरली नसती. हा अर्थ एकदा लक्षात आला म्हणजे पुढच्या काळातील एक विचित्र घडामोड समजू लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत 'कोरबान' हा शब्द शपथेचा मंत्र बनला होता. एखादी वस्तू अमुक माणसासाठी 'कोरबान' आहे असे म्हटले की ती देवाची समजली जाई आणि त्या माणसाला तिचा उपभोग घेता येत नसे, मग ती वस्तू प्रत्यक्षात मंदिरात जावो वा न जावो. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू ज्या प्रथेवर टीका करतो ती हीच. आईबापांना द्यावयाचे ते 'कोरबान' म्हणून जाहीर करून मुले आपली सुटका करून घेत होती. जेरुसलेमजवळ सापडलेल्या त्या काळच्या एका अस्थिपेटीवर, या पेटीत कोणाला काही लाभाचे सापडले तर ते आतील मृताकडून देवाला कोरबान आहे, अशा अर्थाचा अरमाईक लेख आहे. म्हणजे सरळ भाषेत सांगायचे तर चोराने हात लावू नये. जवळ आणण्याचा शब्द असा दूर ठेवण्याचा शब्द झाला, आणि त्यात उलटापालट झाली असे म्हणण्याचे कारण नाही, कारण दूर ठेवणे त्याच्या पोटात पहिल्यापासूनच होते.

हेरोद राजाने वाढविलेल्या जेरुसलेमच्या मंदिरात ही हद्द दगडात उभी होती. बाहेरच्या प्रांगणात कोणीही यावे, पण त्यापुढच्या बुटक्या कठड्यावर ग्रीक भाषेतील पाट्या होत्या. १८७१ साली क्लेर्मों-गानो या फ्रेंच संशोधकांना त्यांपैकी एक अखंड सापडली आणि ती आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. कठडा ओलांडणारा परदेशी पकडला गेल्यास ओढवणाऱ्या मृत्यूला तो स्वतःच जबाबदार राहील, असा त्या लेखाचा आशय आहे. कठड्याच्या आत मग स्त्रियांचे प्रांगण, इस्राएली पुरुषांचे, पुरोहितांचे, अशी एकामागून एक वर्तुळे होती. आणि तरीही परदेशी माणसाने पाठविलेले होमार्पण मंदिर स्वीकारीत असे. रोमच्या सम्राटाच्या नावाने रोज बळी दिले जात. इ. स. ६६ मध्ये एलाझार नावाच्या मंदिराच्या अधिकाऱ्याने यापुढे कोणाही परक्याचे अर्पण घ्यावयाचे नाही असे पुरोहितांकडून ठरवून घेतले, तेव्हा इतिहासकार जोसेफसच्या मते रोमशी युद्धाची पायाभरणी तेथेच झाली. माणूस बाहेर आणि त्याचे दान आत, हा तोल जोवर टिकला तोवर साम्राज्याला चालत होते.

या तोलाची ओळख करून घेण्यासाठी नाशिककराला जेरुसलेमपर्यंत जाण्याची गरज नाही. पंचवटीतील काळाराम मंदिर अठराव्या शतकात सरदार रंगराव ओढेकरांनी बांधले. त्याच्या दरवाजांशी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या संघटनेवर अस्पृश्यांचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले आणि सत्याग्रही त्यांच्यासमोर बसून राहिले. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, आणि आंदोलन पुढे १९३४ पर्यंत चालत राहिले. या प्रसंगाचा विचार सामान्यतः सामाजिक हक्कांच्या भाषेत होतो आणि तो योग्यच आहे. स्वतः आंबेडकरांनीही नंतर स्पष्ट केले, की अस्पृश्यांना मूर्तिपूजक करण्यासाठी हा लढा नव्हता, त्यांच्यात चेतना निर्माण करण्याचा तो मार्ग होता. परंतु धर्मविधीच्या दृष्टीने पाहिले तर काळारामाच्या दारात जो प्रश्न उभा राहिला तो लेवीय-गणना ग्रंथांच्या अगदी मध्यावरचा आहे. महाराष्ट्रातील गावगाड्यात दसऱ्याला ग्रामदेवीपुढे रेडा मारला जाई, त्या रेड्याला गावभर फिरविण्याचे आणि मारण्याचे काम पुष्कळ ठिकाणी महार-मांगांकडे असे. मारणारे हात त्यांचे चालत. देवीच्या गाभाऱ्यात जाणारे हात मात्र दुसऱ्यांचे लागत. मिश्नातील नियमाचे हे गावठी प्रतिबिंब कोणी कोणाकडून घेतलेले नाही, आणि दोन्हींत एक मोठा भेदही आहे. लेवी वंशाबाहेरचा इस्राएली मनुष्य वेदीपासून दूर राहत होता, पण त्यामुळे विहिरीपासून आणि पंक्तीपासून दूर ठेवला जात नव्हता; मंदिराची हद्द मंदिरापाशीच संपत होती. नाशिकमध्ये ती माणसाच्या अंगाला चिकटून घरापर्यंत जात होती. पंढरपूरला चोखोबांची समाधी मंदिराच्या पायरीशी आहे, आणि भक्तिसंप्रदायाने त्या जागेला कितीही पावित्र्य दिले तरी ती जागा पायरीच आहे.

पशुबळीविषयी आज नाशिक जिल्ह्यात जो वाद होतो तो या प्रश्नाला सहसा स्पर्श करीत नाही. सप्तशृंग गडावर दसऱ्याला बोकडबळीच्या वेळी बंदुकीची सलामी देण्याची प्रथा होती. २०१६ साली त्या गोळीबारात भाविक जखमी झाले, २०१७ मध्ये प्रशासनाने बोकडबळीवर बंदी घातली आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अटींसह ती प्रथा पुन्हा चालू ठेवण्यास परवानगी दिली. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद मारावे की मारू नये, सुरक्षितता कशी राखावी, परंपरा किती जुनी, एवढ्यातच फिरत राहिला. दुसऱ्या टोकाला त्र्यंबकेश्वरचा नारायण नागबळी आहे, ज्यात सर्पहत्येच्या दोषासाठी गव्हाच्या पिठाचा नाग करून त्याचा विधिपूर्वक अंत्यसंस्कार होतो. पिठाच्या पशूचा हा उपाय भारतीय परंपरेत जुना असला तरी जैन ग्रंथकारांनी यशोधर राजाच्या कथेतून त्यावर बोचरा आक्षेप घेतला होता, की पिठाचा कोंबडा मारतानाही मारण्याची बुद्धी तीच असते. लेवीयाच्या पाचव्या अध्यायात अगदी गरीब माणसाला मेंढी किंवा पारव्याच्या जोडीऐवजी पीठ आणण्याची मुभा आहे. पण ते पीठ मेंढीचे सोंग घेत नाही, ते पीठ म्हणूनच चालते. ज्या विधीत मूळ गोष्ट 'नेणे' आहे, तेथे न्यावयाची वस्तू बदलली तरी काही अडत नाही.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर जाळले आणि नेण्याची जागाच राहिली नाही. बाराव्या शतकात मैमोनिदीस या तत्त्वज्ञाने बळी ही देवाने त्या काळच्या माणसांच्या सवयींना दिलेली सवलत होती असे मांडले आणि त्यावर पुढे नाखमानिदीस या भाष्यकाराने कडाडून टीका केली. तो वाद आजही मिटलेला नाही. कोकणातील मराठीभाषक यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, या वादापासून फार दूर, शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली' म्हणून जगत होते. योम किप्पूरला ते इतके आत राहत, की त्या सणाचे त्यांचे मराठी नावही दार लावून घेण्यावरून पडले होते. नवस फेडताना, लग्नाआधी किंवा शुभप्रसंगी त्यांच्याकडे 'मलिदा' होतो: भिजवलेले गोड पोहे, खोबरे आणि फळे यांचे ताट मांडून एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याचे स्मरण केले जाते आणि जमलेले सर्व जण ते वाटून खातात. काही अभ्यासकांनी त्यात लेवीयाच्या अन्नार्पणाची छाया पाहिली आहे. छाया असेलही, परंतु दिशा मात्र उलटी आहे, कारण येथे वस्तू आत नेली जात नाही. अलिबागजवळच्या खंडाळ्याला ज्याच्या रथाच्या खुणा दाखवितात तो एलियाहूच घराकडे येतो असे मानले जाते.

मलिद्याचे हे ताट १९४८ नंतर बेने इस्राएलांबरोबर इस्राएलला गेले, तेथे जुना 'कोरबान' शब्द त्यांना वर्तमानपत्रांत अपघातातील मृतांसाठी वापरलेला आढळला, म्हणजे मराठी वृत्तपत्रे 'बळी' शब्द जसा वापरतात अगदी तसाच. धातूचा दुसरा चेहरा, म्हणजे जवळ न येऊ देण्याचा, मात्र त्यांना वर्तमानपत्राबाहेर भेटला. १९६२ मध्ये तेथील मुख्य रब्बी मंडळाने विवाहनोंदणी अधिकाऱ्यांना सूचना दिली, की बेने इस्राएल व्यक्तीचा इतर यहुद्यांशी विवाह नोंदविण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी करावी. १९६४ च्या उन्हाळ्यात ही मराठी बोलणारी कुटुंबे जेरुसलेममध्ये धरणे धरून बसली, इस्राएलच्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत पूर्ण यहुदी मानण्याच्या बाजूने मत नोंदविले आणि मंडळाला सूचनेतून 'बेने इस्राएल' हे नाव काढावे लागले. चौकशीची तरतूद मात्र तशीच राहिली, ज्याच्या वंशाविषयी शंका येईल अशा कोणासाठीही.